जागलीसाठी थर्मल दुर्बीण : कोणती घ्यायची, वावरात कशी लावायची

नागपूर जिल्ह्यात तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यांवर आला की मचाणावरची जागल सुरू होते. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग, भिवापूर-उमरेडकडे मिरची, मौदा-रामटेककडे धान. पीक बदलतं, रात्रीचे पाहुणे तेच: रानडुकरं आणि रोही (नीलगाई). टॉर्चच्या उजेडात रोह्याचे डोळे लांबून चमकतात. डुकराच्या डोळ्यात उजेड परतवणारा पडदाच नसतो, त्यामुळे टॉर्च फिरवूनही कळप दिसत नाही आणि सकाळी अर्धं वावर उकरलेलं सापडतं. थर्मल दुर्बिणीचा खरा उपयोग इथे आहे.

आधी रायफलीवरच्या स्कोपबद्दल

नेटवर 'थर्मल' शोधलं की पहिल्यांदा रायफलीवर बसवायचे स्कोप दिसतात. ते दुसऱ्या देशांतल्या रात्रीच्या शिकारीसाठी आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पीक राखायला बंदुकीचा परवाना असला तरी त्याने डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढतो, आणि तो हातात नसेल तर एक गोळीही गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी राखणीला स्कोप चुकीचंच साधन आहे. स्कोपमधून पाहायचं म्हणजे बंदूक रोखायची. अंधारात पांढरा ठिपका दिसला म्हणून नळी तिकडे वळवली आणि तो ठिपका पाणी द्यायला निघालेला शेजारी निघाला, तर? रात्रीच्या पाळीची वीज आली की अख्खं शिवार मोटारीकडे निघतं. शिवाय स्कोपची नजर अरुंद असते, त्याने वावर चाळून निघत नाही. म्हणून हातात धरायची एकडोळी दुर्बीण, म्हणजे मोनोक्युलर, घ्यावी. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

ती नेमकं काय पाहते

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण टाकत असते. दुर्बिणीतला सेन्सर त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रॉनचे किरण पकडतो आणि तापमानातल्या फरकाचं चित्र काढतो. उजेडाशी त्याचा संबंध नाही. अमावास्या काय, पौर्णिमा काय, सारखंच. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून पुढची लेन्स जर्मेनियमची असते आणि म्हणूनच दुर्बीण महाग पडते. गाडीची काच लावून आतून पाहिलंत तर बाहेरचं वावर नाही, काचेवर पडलेली तुमचीच ऊब दिसेल. काच खाली करा.

घरी पहिल्याच दिवशी एक गंमत करून पाहा. चकचकीत स्टीलच्या पेल्यात उकळता चहा ओता आणि शेजारी मातीच्या कपात तोच चहा ठेवा. मातीचा कप पांढराशुभ्र दिसेल. पेला मात्र काळपट, जणू रिकामा. फक्त वरून चहाचं तोंड झळाळताना दिसेल. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी सोडतो आणि समोरची आरशासारखी परतवतो. याच कारणाने रात्री नवे टिनपत्रे बर्फासारखे थंड दिसतात. पत्र्यात थंड आकाशाची सावली असते. हे डोक्यात बसलं की पुढचे बरेच घोळ टळतात.

कोणती घ्यायची

दुकानदार आधी झूम सांगतो आणि मग खोक्यावर छापलेलं अंतर. दोन्हीकडे कानाडोळा करा. डिजिटल झूममध्ये तेच ठिपके (पिक्सेल) मोठे होतात, नवं काही दिसत नाही. आणि खोक्यावरचे १२०० मीटर म्हणजे उघड्यावर उभा असलेला माणूस तेवढ्यावरून 'काहीतरी गरम आहे' एवढाच कळेल, असं अंतर. डुक्कर माणसाच्या निम्म्याहून कमी उंचीचं असतं, आणि आपल्याला ते डुक्करच आहे की वासरू, हे कळायला हवं.

खरा हिशेब तीन आकड्यांचा आहे: सेन्सरवर ठिपके किती, एक ठिपका केवढा, आणि लेन्स किती मिलिमीटरची. हल्लीच्या बहुतेक दुर्बिणींत ठिपका १२ मायक्रॉनचा असतो. १२ ला लेन्सच्या मिलिमीटरने भागलं की १ मीटर अंतरावर एक ठिपका किती मिलिमीटर झाकतो ते मिळतं. २५ मिमी लेन्सला उत्तर येतं ०.४८, म्हणजे १०० मीटरवर एक ठिपका ४८ मिमीचा. जुना ठोकताळा असा की जनावराच्या उंचीवर २ ठिपके पडले तर ते आहे एवढं कळतं, ८ पडले तर कुठल्या जातीचं ते कळतं, १३ पडले तर खात्रीने सांगता येतं. डुकराची खांद्यापर्यंतची उंची ७० सेंटिमीटर धरली, तर:

२५६×१९२ सेन्सर, १० मिमी लेन्स: सुमारे ७३ मीटरवर ओळख पटते, २९० वर नुसता ठिपका.
३८४×२८८ सेन्सर, १९ मिमी लेन्स: ओळख १४० मीटरच्या आत.
३८४×२८८ सेन्सर, २५ मिमी लेन्स: ओळख १८० पर्यंत, खात्री ११० पर्यंत.
३८४×२८८ सेन्सर, ३५ मिमी लेन्स: ओळख २५५ पर्यंत.

मग सरळ ३५ मिमीची का घेऊ नये? कारण लेन्स मोठी झाली की नजरेचा पट्टा आवळतो. ३८४ च्या सेन्सरला १०० मीटरवर ३५ मिमीने जेमतेम १३ मीटर रुंदी दिसते, २५ ने १८, १९ ने २४. पाच एकर चौरस वावराची बाजू साधारण १४२ मीटर भरते, दहा एकराची २०० मीटर. मचाण मधोमध असेल तर पाच एकराचा सगळ्यात लांबचा कोपराही १०० मीटरवर येतो. म्हणून पाच-सहा एकरांच्या उघड्या वावराला ३८४ आणि १९ मिमी पुरते. दहा एकर असेल, किंवा मचाण एका धुऱ्यावर असेल, तर २५ मिमी. संत्र्याच्या बागेत झाडं ६ मीटरवर असतात, नजर रांगेतूनच जाते आणि लांबचं तसंही अडतं. तिथे २५६ चा स्वस्त तुकडाही चालून जातो. ६४० चा सेन्सर सुंदर दिसतो, पण त्याच पैशात चार शेजाऱ्यांनी मिळून ३८४ च्या दोन घेतल्या तर शिवाराची राखण जास्त होईल.

आणखी एक आकडा पाहा, एनईटीडी. तापमानातला किती बारीक फरक यंत्राला कळतो ते हा सांगतो, मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात. जितका कमी तितका बरा. २५ च्या आसपास असावा. डिसेंबरच्या थंडीत ४० चीही दुर्बीण झकास वाटते, पावसाळी रात्री तीच मुंग्या-मुंग्या दाखवते. चित्राचा वेग २५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, तरी हवा. ९ हर्ट्झवर पळणारं डुक्कर उड्या मारत गेल्यासारखं दिसतं. धूळ-पाण्याला आयपी६७. बॅटरी बदलता येणारी, शक्यतो १८६५० (लांबट गोल लिथियम सेल), कारण आतच बसवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांनी दमली की अख्खी दुर्बीण दुरुस्तीला जाते.

मोबाइलला खोचायचे छोटे थर्मल कॅमेरे वायरिंग आणि गळती शोधायला आहेत, वावरात बिनकामाचे. घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. सीताबर्डीच्या दुकानात एसीत बसून भिंतीवरचा हाताचा ठसा पाहून पसंत करू नका. तो ठसा सगळ्यांतच छान दिसतो. अंधार पडल्यावर बाहेर नेऊन दाखवायला सांगा.

पहिली जुळणी

नवशिक्याच्या दहा तक्रारींतल्या सात 'धूसर दिसतं' याच असतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच: दोन कड्यांची गल्लत. डोळ्याकडची कडी तुमच्या नजरेसाठी आहे, पुढची कडी अंतरासाठी. त्यांचा क्रम चुकला की कितीही फिरवा, जुळत नाही.

१. बॅटरी पूर्ण भरा. पुढचं झाकण बंद ठेवूनच दुर्बीण सुरू करा.

२. आतल्या पडद्यावर बॅटरीचं चिन्ह किंवा मेनूची अक्षरं दिसतील. डोळ्याकडची कडी फिरवत ती अक्षरं कोरीव दिसेपर्यंत आणा. चित्राकडे पाहू नका, फक्त अक्षरं. चष्मा लावून बसणार असाल तर चष्मा लावूनच करा. ही कडी आता विसरून जा. जागलीला दोघं आळीपाळीने बसत असतील तर दोघांच्या खुणा नेलपॉलिशने करून ठेवा.

३. झाकण काढा, ५० पावलांवर बांधलेल्या गाईकडे पाहा आणि पुढची कडी फिरवा. पोटाकडे पाहून जुळवू नका. कान आणि शिंगाची कड कुठे तुटक-स्वच्छ होते ते पाहा.

४. मध्येच 'टक' असा आवाज येऊन चित्र अर्धा क्षण थिजेल. यंत्र बिघडलेलं नाही. सेन्सरचे ठिपके गरम होत जातात तसे ते एकमेकांशी जुळेनासे होतात. आतलं शटर खाली येऊन त्यांना पुन्हा एका पातळीवर आणतं. चित्रावर उभ्या रेघा किंवा मघाच्या दृश्याची भुतासारखी सावली राहिली तर हेच हाताने करा. सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं हे वारंवार होतं, म्हणून मचाणावर चढल्या-चढल्या दुर्बीण सुरू करून ठेवा.

५. पडद्याचा उजेड सगळ्यात कमी करा. अंधाराला सरावायला डोळ्याला वीसेक मिनिटं लागतात आणि भगभगीत पडदा ती एका क्षणात वाया घालवतो. दुर्बीण नेहमी एकाच डोळ्याला लावा, दुसरा अंधारासाठी राखून ठेवा; शिडी उतरताना तोच कामाला येतो.

६. रंग पांढरा-गरम ठेवा. लाल-पिवळ्या रंगपट्ट्या व्हिडिओत भारी दिसतात, पण तासभर पाहून डोळे शिणतात आणि बारकावे बुडतात. जनावर ओळखताना काळा-गरम करून पाहा, पाय आणि शेपटी बऱ्याचदा त्यात जास्त उठून दिसतात.

७. वायफाय बंद. बॅटरी खाणारं दुसरं एवढं मोठं काही नाही. तारीख आणि वेळ मात्र बरोबर लावा, व्हिडिओवर ती उमटते.

वावरात मापं बांधून घ्या

अंधारात अंतराचा अंदाज साफ चुकतो. यासाठी एक लिटरच्या पाण्याच्या तीन प्लास्टिक बाटल्या घ्या, त्यात हाताला चांगलं कोमट लागेल इतकं पाणी भरा आणि मचाणापासून ५०, १०० आणि १५० मीटरवर धुऱ्यालगत उभ्या करा. अंतर टेपने मोजा. २५ मिमीच्या लेन्समध्ये बाटली ५० मीटरवर बाटलीसारखी दिसेल, १०० वर उभी काडी, १५० वर जेमतेम टिंब. प्रत्येकीवर फोकस करून पुढच्या कडीवर रंगाची खूण करा. नंतर त्याच जागांवर लाकडी खुंट ठोका आणि कुठला कोणत्या अंतराचा ते पाठ करा. पुढे डुक्कर दिसलं की ते कुठल्या खुंटाजवळ आहे एवढं पाहिलं की झालं.

दुर्बीण हातात धरून रात्र निघत नाही. मचाणाच्या कठड्याला बांबूचा खुंट बांधा, त्यावर साधं ट्रायपॉडचं डोकं बसवा. एका टोकाहून सुरू करा, नजरेच्या एका पट्ट्यावर तीन सेकंद थांबा, मग पुढचा पट्टा. २५ मिमीच्या लेन्सने पूर्ण गोल फिरायला साधारण ३४ पट्टे होतात, म्हणजे पावणेदोन मिनिटं. सर्रकन फिरवलं तर चित्र ओघळतं आणि उभं जनावर निसटतं. शोधताना झूम १ वरच.

तुरीबद्दल मात्र भ्रम नको. पाच-सहा फुटांच्या तुरीत शिरलेलं डुक्कर दहा फुटांच्या मचाणावरूनही दिसत नाही. पानांआडून थर्मल पाहू शकत नाही. म्हणून दुर्बीण तुरीवर नाही, तुरीत शिरायच्या वाटेवर रोखा: नाल्याकडची बाजू, पडीत, धुऱ्यालगतचा मोकळा पट्टा, आणि तासांच्या (पिकाच्या ओळींच्या) सरळ रेषेत. दिवसा उकरलेल्या जागा आणि खुरांचे ठसे पाहून ही वाट ठरवा.

काय दिसतंय ते ओळखणं

डुक्कर बुटकं, पिंपासारखं, डोकं खाली. चार पावलं चालतं, थांबतं, उकरतं. मादीमागे पिलांचे ठिपके ओळीने. चिखलात लोळून आलेलं डुक्कर फसवतं: अंगावरचा ओला चिखल थंड असल्याने धड काळं आणि फक्त पाय, कान, डोळ्याभोवतीचा भाग पांढरा दिसतो. रोही पुढून उंच, मागे उतरतं, मान लांब. कुत्र्याची चाल दुडकी. माणूस उभा, आणि हातातल्या मोबाइलपेक्षा त्याचा चेहरा जास्त उजळ.

लांब, बुटकं शरीर, खांदे हलतात पण पाठ हलत नाही, मागे लांब शेपटी: हे दिसलं तर तो वाघ किंवा बिबट्या समजा आणि खाली उतरू नका. पेंच, बोर आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या आसपासच्या वावरांत हे अशक्य नाही. शेजारच्या मचाणावर फोन करा, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा आणि उजाडेपर्यंत वरच थांबा. खरं तर डुकरापेक्षा यासाठीच दुर्बीण जास्त मोलाची आहे: शिडीवरून पाय खाली टाकण्याआधी सगळीकडे एक फेरी.

खात्री होईपर्यंत गोफण, फटाका काही नको.

ऋतूप्रमाणे फसवणूक

थंडी हा थर्मलचा हंगाम. जानेवारीत जमीन १०-१२ अंशांवर, जनावर ठळक पांढरं. एप्रिल-मेमध्ये उलट. दिवसा ४५ अंशांत भाजलेली काळी माती आणि धुऱ्यावरचे दगड रात्री दहा-अकरापर्यंत धगधगत असतात. प्रत्येक दगड पिलासारखा दिसतो आणि खरं जनावर मागच्या जमिनीत मिसळून जातं. संध्याकाळी आणि सकाळी अशी एक वेळ येते की जमीन आणि जनावर एकाच तापमानाला येतात आणि चित्र सपाट होतं. ती वेळ टळू द्या, कॉन्ट्रास्ट हाताने वाढवा, आणि दिवसाच धुऱ्यावरच्या मोठ्या दगडांचा फोटो काढून ठेवा. पहाटे तीन ते पाच सगळ्यात स्वच्छ दिसतं. पावसात पाणी सगळ्या वस्तू एका तापमानाला आणतं आणि थेंब किरण खातात. ओळखीचं अंतर निम्म्यावर आलं तर दुर्बिणीला दोष देऊ नका. दाट धुक्यातही तेच.

जे ती दाखवणार नाही

साप आणि विंचू. त्यांचं अंग जमिनीइतकंच थंड-गरम, चित्रात ते नसल्यासारखेच. उतरताना टॉर्च आणि बूट लागतातच. आणि तार: कुणी बेकायदा घरगुती वीज कुंपणात सोडली असेल तर ती तार थर्मलमध्ये इतर तारांसारखीच दिसते. विदर्भात अशा तारांनी माणसं आणि वाघ दोन्ही गेले आहेत. दुसऱ्याच्या धुऱ्यावरून अंधारात जाऊ नका.

सांभाळ

सूर्याकडे किंवा वेल्डिंगच्या ठिणगीकडे दुर्बीण कधीच रोखू नका, बंद असली तरी झाकण लावा. उन्हाने सेन्सरवर कायमचा डाग पडतो. जर्मेनियमच्या लेन्सवरचा थर नाजूक असतो. गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसलं की त्यातली माती ओरखडे काढते. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग लेन्सचा कागद. एसी गाडीतून दमट हवेत काढल्यावर दोन्हीकडे वाफ धरते, दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या.

एक १८६५० साधारण चार-पाच तास चालते, म्हणून सात ते पाचच्या जागलीला तीन लागतात. खिशात सुट्या टाकू नका. किल्लीला टेकून धन-ऋण जुळलं तर आग लागते. प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

राखण करूनही नुकसान झालं तर उजाडल्यावर मोबाइलने उकरलेल्या जागांचे आणि ठशांचे फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करा. पंचनामा उजेडातल्या नुकसानीचा होतो. रात्रीचा थर्मल व्हिडिओ सोबत जोडायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून फोटो टाळू नका.

हरभरा निघाला, गहू निघाला की बॅटऱ्या अर्ध्या भरून दुर्बिणीतून काढून ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी मे महिन्याच्या उकाड्यात कपाटात पडून राहिली तर तिचा जीव झपाट्याने घटतो. दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पेरणीआधी एकदा काढून, झाकण बंद ठेवून अक्षरं स्वच्छ दिसतात का ते पाहा.